धागा न तुटणारी खोली

वैशाख लागला की तांडापेठेतल्या बायका लेकरं काखेला मारून पंचफुलाबाईच्या दारात उभ्या राहायच्या.

"मावशी, घडीभर निजवू का वं आत? आमच्या घरात तं नुसती भट्टी पेटली."

पंचफुलाबाई मागावर असायची. पाय मागाखालच्या खड्ड्यात, हातात धोटा, डोळे उभ्या सुताच्या ताण्यावर. मान न वळवताच म्हणायची, "निजव ना. पण दार लोटून घेजो. हवा शिरली तं माहा ताणा सुकते."

नागपूरच्या उन्हाळ्यात सूत सुकतं आणि सुकलं की पटापट तुटतं. म्हणून बोळीतले बहुतेक विणकर उन्हाळ्यात पहाटे माग चालवायचे आणि ऊन चढलं की उठायचे. पंचफुलाबाईचा माग मात्र भर दुपारी खटखटत असायचा. तिच्या खोलीतला धागा तुटायचाच नाही. त्यामागे तिची मेहनत होती. एकुलत्या एका खिडकीत तिनं पोत्यांचे बोळे ठासून भरले होते, वरून शेणमातीनं लिंपून घेतलं होतं. छपराच्या कवेलूंच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. मागाच्या खड्ड्यात पाण्याचं भगुणं, जमिनीवर सकाळ-दुपार शिपके. उन्हातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा अंधार लागायचा, मग ओल लागायची, आणि माणूस आपसूक म्हणायचा, "आहाहा!" त्या पहिल्या आहाहावरच सगळी बोळी त्या खोलीला थंड म्हणायची. दुसऱ्या श्वासाला काय वाटतं, ते बघायला कोणी थांबायचं नाही. ज्याचं त्याला काम असायचं.

नवरा ईश्वरदास याच खोलीत विणत विणत म्हातारा झाला आणि खोकत खोकत गेला. मुलगा जागेश्वर, त्यानं एक दिवस खड्ड्यातून पाय बाहेर काढले ते काढलेच. कोराडीच्या बिजलीघरात नोकरी धरली. "तिथं राख खाशील कोळशाची," पंचफुलाबाई म्हणाली होती. "खाईन," तो म्हणाला, "पण खाली पाय सोडून नाही बसणार." तिला ते लागलं होतं. पण पुढे पगारी नोकरी म्हणून उमरेडच्या चांगल्या घरची प्रेमिला सून म्हणून आली, तेव्हा तिनं गिळून टाकलं.

प्रेमिलाला आई नव्हती. बाळंतपणाला माहेर नाही, आणि कोराडीचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. म्हणून ऐन चैत्रात जागेश्वरनं तिला तांडापेठेत आणून सोडलं. सोबत एक टेबलफॅन आणला, नवाकोरा, हिरव्या पात्यांचा.

"हे काय आणलं गा?"

"पंखा हाये माय. बाळ-बाळंतिणीले."

"बाळंतिणीले वारं दाखवतं? तुह्या बापाच्या सात पिढ्यांत कोणी बाळंतिणीले वारं दाखवलं नाही. कानात बोळे घालून निजवतात तिले, अन् हा पंखा घेऊन आला!"

"माय, आता जमाना..."

"जमाना तुह्या कोराडीत ठेव. ह्या घरात बाळ माह्या खोलीत निजन. धागा तुटत नाही तिथं, धागा! सुतासारखी नाजूक जात ज्या हवेत तुटत नाही, तिथं लेकराले काय होते?"

लहानपणापासून जागेश्वर हेच ऐकत आला होता, आणि ऐकायला ते खरंच वाटायचं. पंखा कपाटावर गेला. वर जुनं धोतर झाकलं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी पंचफुलाबाईनं खोली पुन्हा एकदा सारवली, मागाच्या चौकटीला आणि आढ्याला दोर बांधून साडीची झोळी टांगली. झोळीचा दुसरा दोर तिनं आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधला. विणताना पाय हलला की झोळी हलायची. प्रेमिलाची बाज भिंतीशी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सकाळी न्हाणं झालं की ओव्याची धुरी. मुलीला टोपडं, वर कुंची, पायात मोजे, मग दुपट्यात गच्च गुंडाळी, आणि वरून आजीच्या हातची गोधडी.

"आई, तिले गरम होत असंन," प्रेमिला हळूच म्हणायची.

"हात लावून पाय तिच्या पायाले. गारठोण हायेत का नाही?"

प्रेमिला मोजा काढून बघायची. पाय खरंच गार लागायचे. मग ती मोजा परत चढवायची. स्वतःच्या मानेवरून, पोटावरून घामाच्या धारा वाहत असायच्या; त्या ती पदरानं पुसायची. बाळंतिणीनं तक्रार करायची नसते, एवढं तिला कोणी न शिकवता येत होतं.

महिना होत आला. बाहेर लू सुटली, भाजून काढणारा वारा. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं. मुलीच्या मानेला, काखेत लाल पुरळ उठलं. ती दूध कमी प्यायची, झोपायची मात्र फार. झोळीत घातली की निजली.

शेजारची सखूबाई रोज सुताच्या कांड्या भरायला येऊन बसायची. तिचाही जन्म सुतातच गेलेला. चाक फिरवता फिरवता ती झोळीत डोकावली.

"बाप्पा! काय शांत पोट्टी आहे वं पंचफुला. आवाज नाही तिचा."

"माह्या खोलीत कोणतं लेकरू रडलं सांग बरं."

"खरं आहे. तुहा केशवबी असाच होता. निजला की निजला. आठवते मले."

मागाचा खटका थांबला.

"त्याचं नाव आज कायले काढतं?"

"अवं, सहज..."

"सहज नको काढू."

सखूबाईनं जीभ चावली. प्रेमिलानं बाजेवरून सगळं ऐकलं. जागेश्वरच्या आधी दोन झाली होती आणि राहिली नाहीत, एवढं तिला लग्नात कळलं होतं. पहिला केशव, आणि नंतर एक मुलगी, जिचं नाव ठेवायचंही राहून गेलं. दोघांना बाहेरचं काहीतरी झालं, असं सगळे म्हणायचे. जागेश्वर तेवढा जगला. तो पौषातला.

सखूबाई गेल्यावर प्रेमिलानं विचारलं, "आई, केशवदादा कोणत्या महिन्यात गेले?"

"वैशाखात."

"अन् मुलगी?"

"जेठात. काहून?"

"काही नाही."

"मंग झोप."

दोन दिवसांनी दवाखान्याच्या सुमती सिस्टर आल्या. घरोघर फिरून बाळांची वजनं बघायचं त्यांचं काम. उन्हातून आल्या, आत शिरल्या, त्यांनीही "आहाहा" केलं. पण त्या बसल्या. वजन करायचं होतं, काटा लावायचा होता. जरा वेळानं त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. काचांवर वाफ धरत होती.

"बाई, इथं जीव गुदमरतो हो. ही खिडकी?"

"बंद आहे."

"ते दिसतं मला. उघडत का नाही?"

"उघडली तर लू येते, सिस्टरबाई. लेकराले लू लागन."

"लू लागू द्या असं मी कुठं म्हणते? ओलं पोतं टांगा, पण हवा येऊ-जाऊ द्या. आणि एवढं काय गुंडाळलंय पोरीला? गाठोडं केलंय. एक पातळ कपडा पुरे. तुम्हाला ज्या जागी घाम येतो, त्या जागी बाळ निजवू नका."

"पाय पाहा तिचे. गार आहेत."

"बाळांचे हातपाय गारच लागतात. त्यावरून नाही कळत. मानेमागं हात घालून बघा, छातीवर बघा."

पंचफुलाबाईनं हात घातला. सिस्टरांच्या समोर, मान ताठ करून. आयुष्यभर सुताला लावायच्या गरम खळीत बुडवून ताण्यावर फिरवलेला हात. बोटांची कातडी पायांच्या टाचेसारखी झालेली. चुलीवरचं भगुणं ती फडक्याशिवाय उतरवायची आणि बोळीतल्या सुनांना कौतुकानं दाखवायची.

"काही गरम-बिरम नाही," ती म्हणाली.

सिस्टर घाईत होत्या. अजून कितीतरी घरं राहिली होती. "बघा बाई, मी सांगायचं काम केलं," म्हणाल्या आणि काटा उचलून निघाल्या. जाताना प्रेमिलाकडे त्यांनी एक नजर टाकली. प्रेमिलानं ती ओळखली. पण तोंड उघडलं नाही. पुढे किती दिवस तिला स्वतःच्या त्या गप्प बसण्याचा राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुलाबाई विणलेलं लुगडं विणकरांच्या सोसायटीत द्यायला गेली. परत आली तर खोलीचं दार सताड उघडं, झोळी रिकामी. मागच्या पडवीत, कडुलिंबाच्या सावलीला, प्रेमिला मांडीवर मुलगी घेऊन बसलेली. टोपडं, कुंची, दुपटं, सगळं अंगणात फेकलेलं. मुलगी उघडी.

"प्रेमिला! डोकं फिरलं का तुहं? भर लूत लेकरू घेऊन बसली?"

"आई, ही उठत नाही."

"झोपली असंन. उचल, आत चाल."

"दूध घेत नाही. मान टाकून राहिली. मी केव्हाची उठवून राहिली हिले."

"दाखव इकडे." पंचफुलाबाईनं पायाला बोटं लावली. "गार तं आहेत पाय."

"पाय नका पाहू!" प्रेमिला ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडली होती. शेजारच्या मागाचा आवाजसुद्धा थांबला. "पाय नका पाहू आई, हात नका लावू तुमचे! तुमच्या हाताले निखारा नाही समजत, लेकराचा ताप काय समजन? गाल लावा. इथं लावा, मानेले लावा गाल!"

आणि तिनं सासूचं डोकं धरून खाली वाकवलं.

पंचफुलाबाईचा गाल मुलीच्या मानेला टेकला. ती ताडकन मागे झाली. मग पुन्हा टेकवला. मग तिनं रांजणातलं पाणी आपल्या पदरावर ओतलं आणि मुलीचं अंग पुसायला लागली.

रिक्षात बसेपर्यंत मुलीनं एकदा बारीक आवाज काढला. मांजराच्या पिलासारखा. प्रेमिला त्या आवाजाला धरून बसली.

दवाखान्यात मुलीला सलाईन लावलं. तरुण डॉक्टर होते, आवाज चढवणारे नव्हते. विचारपूस करायची म्हणून त्यांनी आजीलाच विचारलं, "बाळ कुठं झोपवता?"

पंचफुलाबाईनं सांगायला सुरुवात केली. हे ती शेकडो वेळा सांगत आली होती, तोंडपाठ होतं. "खोली आहे आमची, मागाची. सगळ्या बोळीत तशी खोली नाही. खिडकी लिंपून टाकली आहे. एक फट नाही ठेवली. खाली पाणी शिंपतो. भगुणं भरून पाणी असते. वारा म्हणून आत येत नाही. दार बंद. ओल बाहेर जात नाही, साहेब. धागा तुटत नाही तिथं..."

"आणि शेगडी?"

"शेगडी तं असते. बाळंतीण आहे ना."

"तुम्ही स्वतः दुपारी तिथं आडव्या होता?"

"मी?" ती सहज म्हणाली, "नाही बाप्पा. मी पडवीत पडते. आत घामानं..."

वाक्य तिथंच राहिलं. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, तेच बरं झालं. पंचफुलाबाई बाकाच्या कडेला बसली. तिचे ओठ हलत होते. काही मोजत असावी असं प्रेमिलाला वाटलं. वैशाख. जेठ. आणि पौष.

मग तिनं विचारलं, "मंग केशव...?"

प्रेमिला मुलीच्या छातीकडे बघत होती, वर-खाली होते का ते. मान न वळवताच म्हणाली, "मले काय माहीत आई. मी तेव्हा नव्हते."

मुलगी वाचली. घरी आणली तेव्हा रविवार होता. जागेश्वर आलेला. सब्बल घेऊन त्यानं खिडकी फोडायला घेतली. पहिल्या घावाला लिंपण निघालं नाही.

"सरक," पंचफुलाबाई म्हणाली. "मी लिंपलं, मले माहीत आहे कुठून निघते ते." तिनं खुरपं घातलं, ओढलं, आणि कुजलेल्या पोत्यांचे बोळे एकामागोमाग बाहेर आले. काळे, बुरसलेले. खोलीत उजेड पडला. मग तिला दिसलं की भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत ओलीनं हिरव्या झाल्या आहेत.

झोळी आता मागच्या पडवीच्या दारात टांगली. ऊन चढलं की पडवीला ओलं पोतं लावायचं, समोरचं दार उघडं ठेवायचं, वारा ओलसर होऊन आरपार जायचा. पंखा कपाटावरून उतरला, पण वारं थेट अंगावर येऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे करून. मुलीच्या अंगावर जुन्या धोतराचा एक पातळ तुकडा, बस्स. शेगडी बंद. प्रेमिला दर थोड्या वेळानं उठायची आणि मुलीच्या मानेमागं हात सरकवायची. पंचफुलाबाई झोळीजवळ आली की प्रेमिला आपसूक मध्ये येऊन उभी राहायची. भांडण नव्हतं. "आई, मी पाहते ना," इतकंच म्हणायची. पंचफुलाबाई मागावर परत जायची.

माग आता पहाटे थोडा चालायचा. खोलीत वारा आला आणि सूत सुकलं. दोन हात मारले की एक धागा जायचा. ती गाठ मारायची. पुन्हा हात मारायचा, पुन्हा गाठ.

अशाच एका दुपारी सखूबाईची सून पुष्पलता दारात आली. काखेत पोरगा, डोक्याला टोपडं, पायात मोजे.

"मावशी, निजवू का आत?"

"नाही."

"अं?"

"नको निजवू. आत नको."

पुष्पलता घोटाळली. मागून सखूबाई आलीच. "काहून वं पंचफुला? तुह्या नातीले चालते, माह्या नातवाले नाही? नात झाली तं खोली सोन्याची झाली का?"

"माही नातबी निजत नाही तिथं."

"हो, ऐकलं. खिडकी फोडली म्हणे. चाल वं पुष्पलता. आपल्या घरी काय कमी आहे? आपलीबी खोली मावशीसारखीच लिंपलेली आहे."

त्या निघून गेल्या. पंचफुलाबाई दारात उभी राहिली. आपलीबी खोली मावशीसारखीच. बोळीत किती जणांनी तिच्याकडून शिकून खिडक्या लिंपल्या होत्या? कौतुकानं तीच शिकवायला गेली होती, पाण्यात माती कालवून द्यायला.

ती अनवाणीच निघाली. तापलेल्या बोळीतून सखूबाईच्या घरात शिरली. सखूबाईचा मुलगा श्रावण मागावर होता. झोळी मागालाच टांगलेली. पंचफुलाबाई सरळ खिडकीपाशी गेली आणि लिंपणात बोटं खुपसून पोतं ओढायला लागली.

"मावशी! हे काय करून राहिल्या? ताणा सुकन ना!"

"सुकू दे."

"तुम्हीच तं लिंपायले शिकवलं!"

"हो. मीच शिकवलं."

सखूबाई धावत आली. तिचा हात धरला. "पंचफुला, वेडी झाली का वं?"

"सखू, ऐक माहं. केशवले बाहेरचं काही नव्हतं झालं. पोरीलेबी नाही. मी त्याईले खोलीत निजवून दार लोटलं. मीच लोटलं वं दार."

सखूबाईच्या तोंडावरचा रंग उतरला. तिचा हात हळूहळू सुटला. पंचफुलाबाईला तेव्हा आठवलं, सखूबाईचंही एक लेकरू गेलं होतं. जेठातच. तिच्याच खोलीसारख्या या खोलीत.

"निघ," सखूबाई म्हणाली. "निघ माह्या घरातून. अभद्र बोलते. माह्या लेकराले देवानं नेलं होतं. समजलं? देवानं नेलं." आणि खाली पडलेलं पोतं उचलून ती खिडकीत कोंबायला लागली, दोन्ही हातांनी, रडत रडत, भोक बुजलं तरी कोंबतच राहिली.

पंचफुलाबाई बाहेर आली. ओट्यावर सावलीचा एक अरुंद पट्टा होता, तिथं टेकली. पाय भाजले होते. घरी जायला हवं होतं, पण उठवत नव्हतं.

थोड्या वेळानं मागे बांगड्या वाजल्या. पुष्पलता पोरगा घेऊन उंबऱ्यात आली होती. तिनं आत वळून पाहिलं. मग दबक्या पावलांनी ओट्यावर आली, पंचफुलाबाईपासून जरा अंतर राखून बसली, आणि पोराच्या हनुवटीखालची टोपड्याची नाडी सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. पंचफुलाबाईचा हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं तो पुन्हा पदराखाली घेतला.